बर्फात ट्रॅक्टर चालवायचा, तर साखळ्यांना खर्च किती?

व्हरमाँट, न्यू हॅम्पशर किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात थोडी जमीन असलेलं घर घेतलं, की आज ना उद्या दारात छोटा ट्रॅक्टर येतो. मग तो केशरी कुबोटा असो की झहीराबादला बनलेला महिंद्रा ओजा. उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या याच गड्याला डिसेंबरात ड्राइव्ह-वेवरचा बर्फ ढकलायचा असतो. फोर-व्हील ड्राइव्ह आहे, मग साखळ्या कशाला, असं विक्रेत्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुधा लागतही नाहीत. पण दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर चारही चाकं एकदम घसरतात. तिथे चढ चढणं राहू द्या, उतारावर थांबणंही हातात राहत नाही.

म्हणून आधी आपला ड्राइव्ह-वे पाहा. सपाट डांबरी असेल तर माझ्या मते साखळ्या घेऊच नका. त्या डांबर ओरबाडतात आणि ते दुरुस्त करायला साखळ्यांहून जास्त पैसे जातात. त्याऐवजी मागच्या टायरांत न गोठणारं द्रव भरून घ्या. बीटच्या रसापासून केलेलं द्रव रिमला गंज आणत नाही. कॅल्शियम क्लोराइड जड असतं, पण ट्यूबलेस टायरची रिम खातं. मापानुसार दोन टायरांना साधारण 200 ते 500 डॉलर पडतात. पुढचा लोडर उचलला की मागची बाजू हलकी होते, त्यामुळे हे वजन साखळ्या घेतल्या तरी वाया जात नाही.

खडीचा, चढउताराचा रस्ता असेल तर मात्र साखळ्या हव्यात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, त्यामुळे एकच जोडी परवडत असेल तर मागचीच घ्या. अगदी लहान ट्रॅक्टरच्या साध्या शिडीसारख्या साखळ्यांची जोडी 100 ते 200 डॉलरला मिळते, त्याहून मोठ्या टायरांना 200 ते 350 लागतात. या साखळीत आडवी पट्टी दर चार कड्यांनी येते. शेतीच्या खोल खाचांच्या टायरवर (आर-वन) ती पट्टी नेमकी खाचेत जाऊन बसते, आणि पैसे देऊन काही हाती लागत नाही. तिथे दर दोन कड्यांनी पट्टी असलेली किंवा जाळीची वीण असलेली साखळी घ्यावी. 250 ते 450 डॉलर धरा. खिळे असलेली युरोपी जाळी हजारापर्यंत जाते. जंगलातून लाकडं ओढायची नसतील तर तिच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

खरी फसगत जागेच्या मापात होते. ऑर्डर देण्याआधी मागच्या टायरच्या आतल्या बाजूला, म्हणजे फेंडर आणि हायड्रॉलिकच्या दांड्यांपर्यंत, किती जागा आहे ते टेपने मोजा. दोन इंचांपेक्षा कमी असेल तर सैल साखळी उडून फेंडर किंवा होज फाडू शकते. चाक बाहेर काढणारे स्पेसर 250 ते 450 डॉलरला जोडी मिळतात. त्याआधी मॅन्युअल उघडा: काही ट्रॅक्टरांच्या रिम उलट्या बसवून चाकांमधलं अंतर फुकटात वाढवता येतं. डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यायला विसरू नका, नाहीतर टायरच्या खाचांची दिशा उलटी होते. पुढच्या चाकांना साखळ्या घालायच्या असतील तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्या लोडरच्या सांगाड्याला घासत नाहीत ना, ते पाहा.

बसवायचं काम थंडी पडण्याआधी, कोरड्या सपाट जागी करा. लोडर जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. टायरची हवा थोडी कमी करा. आडव्या पट्ट्यांच्या टोकांच्या हुकांची उघडी तोंडं टायरच्या विरुद्ध बाजूला येतील, अशी साखळी टायरवर पांघरा. तोंडं आत वळली तर टायरच्या कडा कापतात. ट्रॅक्टर जरासा पुढे घेऊन टोकं जुळवा. इंजिन पुन्हा बंद करून आधी आतली बाजू अडकवा, मग बाहेरची ओढून घ्या आणि हवा पूर्ववत भरा. थोडं फिरवून आणल्यावर साखळी हमखास सैल होते, तेव्हा परत आवळा. रबरी ताणपट्ट्या 20 ते 40 डॉलरला मिळतात, पण सैल साखळी घट्ट करायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. उरलेली कडी लोंबत ठेवू नका, तारेने बांधा किंवा कापा. डीलरकडून बसवून घेतलं तर मजुरीचे शंभरेक डॉलर सहज जातात. जोडी पन्नास पौंडांच्या पुढे असेल आणि पाठ कुरकुरत असेल, तर ते जाऊ द्यावेत.

मार्चअखेरीस साखळ्या काढल्यावर रस्त्यावरचं मीठ गोड्या पाण्याने धुऊन टाका, कडक उन्हात वाळवा आणि चेनचं तेल फवारा. खुंटीवर टांगलेल्या उत्तम. बादलीत ठेवायच्या तर बुडाला भोकं पाडा आणि डावी-उजवी, आतली-बाहेरची बाजू रंगाने खूण करून ठेवा. ठेवतानाच आडव्या कड्या तपासा. जाडी निम्म्यावर आली असेल तर तेवढीच पट्टी बदलता येते. जोडकड्या दोन-चार डॉलरला मिळतात, त्या बसवायची पक्कड मात्र लांब दांड्याचीच लागते.

जुनी जोडी निम्म्या किमतीत मिळाली तर जरूर घ्या. अट एकच: विकणाऱ्याने तोंडी सांगितलेल्या मापावर विसंबू नका. आपल्या टायरवर छापलेला आकडा लिहून न्या आणि साखळी जमिनीवर पसरून लांबी-रुंदी स्वतः मोजा.