पोपटापासून होणारा फुप्फुसदाह

सिटॅकोसिस हा पक्ष्यांपासून माणसास जडणारा विरळा फुप्फुसदाह होय. १९२९ च्या नाताळासाठी अमेरिकेतील अ‍ॅनापोलिस येथे एका कुटुंबाने पोपट आणला. पोपट लवकरच मेला. पाठोपाठ घरातील तिघेजण तीव्र ज्वराने अंथरुणास खिळले. वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी या रोगाचे संशोधन हाती घेतले. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांचे सहायक अँडरसन त्याच रोगाने दगावले. स्वतः आर्मस्ट्राँगही मरणाच्या दारातून परतले. पोपटांना स्पर्शही न केलेले कर्मचारी आजारी पडले, तेव्हा संसर्ग हवेतून होतो हे ध्यानात आले.

पक्ष्याची वाळलेली विष्ठा धूळ होऊन श्वासावाटे फुप्फुसांत शिरते. तिच्यातील जीवाणू आपल्या पेशींच्या आत राहून वाढतो; त्यामुळे न्यूमोनियावर एरवी दिले जाणारे पेनिसिलिन येथे निरुपयोगी ठरते. डॉक्सिसायक्लीन वेळेवर दिल्यास मात्र ज्वर बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. लक्षणे इतर न्यूमोनियासारखीच असल्याने निदानाची किल्ली एका साध्या प्रश्नात असते : घरी पक्षी पाळला आहे काय? डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर रोग्याने आपण होऊन सांगावे.