साहेबांनी बोलावलं की धडधड

प्रश्न : साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की 'आता नोकरी गेली' असंच वाटतं. रात्री झोप लागत नाही. समुपदेशकांनी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची उपचारपद्धती) सुचवली आहे. नुसत्या बोलण्याने काय होणार?

उत्तर : ताई, यात बोलण्याइतकाच गृहपाठही असतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत नैराश्यासाठी विकसित केली. आज ती चिंताविकारांतही उपयोगी ठरते. बोलावणं ही घटना, धडधड हा परिणाम; मधला 'नोकरी गेली' हा विचार निसटून जातो. तोच वहीत पकडायचा. पुढे लिहायचं : याला पुरावा काय? मागच्या वेळी बोलावलं तेव्हा प्रत्यक्षात काय झालं? 'चांगलाच विचार करा' असा हा उपदेश नाही, ही तपासणी आहे.

दुसरा भाग वागण्याचा, आणि माझ्या मते तोच अवघड. साहेबांना टाळलं की भीती तेवढ्यापुरती उतरते, पण आत मुरते. म्हणून थेरपिस्ट तुम्हाला पायरीपायरीने सामोरं जायला लावतील. साधारण १२ ते १६ सत्रं धरून चला. औषधं चालू असतील तर परस्पर थांबवू नका. जीव नकोसा वाटला, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा.