खात्याची मालकी आणि कामाची मुखत्यारी

जमीनजुमल्याची अथवा कोर्टकचेरीची कामे दुसऱ्यावर सोपविताना मुखत्यारपत्र लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कुलमुखत्यारपत्राने सर्व व्यवहारांचे अधिकार दिले जातात, तर खास मुखत्यारपत्राने एखाद्या ठराविक कामापुरतेच. दोहोंतही मालमत्ता मूळ मालकाचीच राहते. आपले मोबाईल ॲप बाहेरच्या कंपनीकडून तयार करून घेणाऱ्या संस्थेने हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

ॲप लोकांच्या हाती पडते ते मुख्यतः गूगलच्या प्ले स्टोअरमधून आणि ॲपलच्या ॲप स्टोअरमधून. तेथे ते ठेवण्यासाठी प्रकाशकाचे खाते उघडावे लागते. संस्थेच्या नावाने खाते उघडताना सामान्यतः नऊ अंकी डी-यू-एन-एस क्रमांक आणि कायदेशीर नावाची पडताळणी लागते. यात काही दिवस जातात. तेवढी सवड नसल्यामुळे पुष्कळ संस्था कंत्राटदाराच्याच खात्यातून ॲप प्रसिद्ध करतात. अडचण उद्भवते ती संबंध बिघडल्यावर. ॲप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलविण्याची सोय दोन्हीकडे आहे. परंतु ज्याच्या खात्यात ते आहे त्याने संमती दिली तरच. त्याने ती नाकारली, तर संस्थेला नवे ॲप काढून प्रत्येक ग्राहकाला ते पुन्हा उतरवून घेण्याची विनंती करण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. म्हणून पहिला नियम असा की, खाते संस्थेच्या नावाने व संस्थेच्या कार्यालयीन ई-मेलवर असावे आणि कंत्राटदाराला त्यात केवळ निमंत्रित म्हणून प्रवेश द्यावा.

प्रवेश किती द्यावा, या प्रश्नाचे उत्तर जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सापडते. हाती घेतलेले काम पुरे होण्यास जेवढे अधिकार आवश्यक तेवढेच प्रत्येकाजवळ असावेत, असे तत्त्व त्यांनी मांडले. यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. एखादी चूक घडली किंवा कोणाचा पासवर्ड चोरीला गेला, तरी हानी मर्यादित राहावी, हा त्यामागील विचार आहे.

दोन्ही कंपन्यांनी या तत्त्वाला अनुसरून अधिकारांची वाटणी केली आहे. ॲपलच्या व्यवस्थेत करारांना कायदेशीर संमती देणारा खातेधारक एकच असतो. ‘डेव्हलपर’ ही भूमिका दिलेल्या व्यक्तीला ॲपची नवी आवृत्ती चढविता येते. ती तपासणीसाठी सादर करण्यास मात्र वरची भूमिका लागते. गूगलच्या व्यवस्थेत चाचणीसाठी आवृत्ती देणे, ती सर्वांसाठी खुली करणे आणि जमाखर्च पाहणे हे अधिकार निरनिराळे आहेत. ते एखाद्याच ॲपपुरते देता येतात आणि प्रवेशाची अंतिम तारीखही ठरविता येते. ती कराराच्या मुदतीशी जुळवून घेणे इष्ट. एकच पासवर्ड अनेकांनी वापरण्याची प्रथा सर्वथा टाळावी. कारण मग कोणते काम कोणी केले, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

अँड्रॉइडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक ॲपवर एका गुप्त किल्लीने सही केलेली असते आणि पुढील आवृत्तीवर तीच सही असल्याशिवाय फोन ती स्वीकारीत नाही. पूर्वी ही किल्ली कंत्राटदाराच्या संगणकावरून नाहीशी झाली, की ॲपची सुधारणाच थांबत असे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरील नव्या ॲपची मूळ किल्ली गूगलकडे राहते. कंत्राटदाराजवळ असते ती केवळ आवृत्ती चढविण्याची किल्ली, आणि ती हरवल्यास बदलून मागता येते. जुन्या ॲपची मूळ किल्ली कोणाजवळ आहे, याची खात्री मात्र संस्थेने करून घ्यावी.

करार संपताच कंत्राटदाराच्या माणसांची नावे खात्यातून वगळावीत. तेवढ्याने काम संपत नाही. यंत्रांनी आपसांत व्यवहार करावा म्हणून खात्याच्या नावाने काढलेल्या किल्ल्या माणसाचे नाव वगळल्याने आपोआप रद्द होत नाहीत. त्या स्वतंत्रपणे शोधून रद्द कराव्या लागतात. मूळ प्रोग्रॅमचा साठा, सर्व्हर आणि संकेतस्थळाचे नाव यांची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, हेही याच वेळी तपासावे. ही यादी करारावर सह्या होण्यापूर्वीच तयार करून त्याला जोडली, तर निरोपाच्या वेळी वादाला फारशी जागा उरणार नाही.