वेंगुर्ल्याच्या पुळणीवरचा इवला शंख

तृतीय वर्षाच्या अभ्यास-सहलीत आमचा वेंगुर्ल्याला दोन दिवस मुक्काम होता. आंबोली घाट उतरून गेलेल्या आम्हां बेळगावच्या मुलांना आधी समुद्राचे अप्रूप, प्राणिशास्त्र मागाहून. ओहोटीने पाणी मागे हटले की ओल्या वाळूत बोट फिरवावे, तो नखाएवढे गुळगुळीत शंख वर येत. कोणी तपकिरी, कोणी राखी, कोणी गुलाबी पट्ट्यांचा, कोणी नागमोडी रेषांचा. दोन शंख अगदी सारखे म्हणून सापडेनात. मी अधाशासारखी पिशवी भरली. थोडे शंख सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकले, बाकीचे तसेच ठेवले. आत जीव असतो हे पुस्तकात वाचले होते, पण खऱ्या अर्थाने कळले ते तिसऱ्या दिवशी, वसतिगृहात. कन्नड विभागातला माझा खोलीसोबती ती पिशवी दोन बोटांत धरून गच्चीवर ठेवून आला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

उरलेले शंख मी धुऊन रंगांप्रमाणे लावले. अकरा डब्या झाल्या. प्रत्येकीवर ‘जात क्रमांक 1’, ‘जात क्रमांक 2’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. गुलाबी पट्ट्यांचा शंख पुस्तकातल्या कोणत्याच चित्राशी जुळेना, तेव्हा मनातल्या मनात त्याला आजीचे नावही देऊन टाकले. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘वेंगुर्ल्याच्या अकरा शंखजाती’ हा तक्ताही रंगवून तयार होता.

सरांनी तक्ता पाहिला. हसले नाहीत. म्हणाले, “प्रत्येक डबीतले पाच शंख घे आणि रंग सोडून काय दिसते ते लिहून आण. रंग हा शब्द कागदावर आला तर कागद फाडीन.”

रंग वगळल्यावर पहिली पाच मिनिटे मला लिहायला काहीच सुचेना. मग दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचे ही पहिली रीत. तसे धरल्यावर सगळ्यांची तोंडे उजवीकडे आली. रुंदी बहुतेकांची 8 ते 12 मिलिमीटर, उंची त्याहून बरीच कमी. म्हणजे आकार मसुराच्या डाळीसारखा चपटा. वेढे एकमेकांना इतके चिकटलेले की सांधा भिंगानेच दिसावा. तोंडाच्या आत मोत्यासारखी झाक. आणि शंख उताणा केला की तळाच्या मधोमध, जिथे पुष्कळ शंखांना नाभीचे भोक असते, तिथे चिनी मातीसारखी गुळगुळीत, जाड गादी. पाच शंख झाले, दहा झाले, पन्नास झाले, वर्णन तेच. अकरा कागदांवर मी एकच मजकूर अकरा वेळा लिहीत होतो. पाचव्या कागदाला हात थांबला. तक्त्यावर खर्च केलेल्या रंगांचे वाईट वाटले, आजीचे त्याहून जास्त.

त्या शंखाचे नाव उंबोनियम वेस्टियारियम. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘उंबो’ म्हणजे ढालीच्या मधला फुगवटा. दुसऱ्या शब्दाचा संबंध लॅटिनमधल्या वस्त्रवाचक शब्दाशी आहे. लिनीअसने 1758 मध्ये याला ट्रोकस प्रजातीत घातले होते. पुढे प्रजाती बदलली म्हणून आज त्याचे नाव आणि साल कंसात लिहितात. कंस नसेल तर मूळची प्रजातीच कायम आहे असे समजावे. इतक्या लहानशा चिन्हात एवढा इतिहास भरलेला असतो हे मला तरी ठाऊक नव्हते.

राहणीही वेगळी. याचे बहुतेक भाऊबंद खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात. हा वाळूत दडून पाणी आत ओढतो आणि त्यातले अन्नकण कल्ल्यांवर अडवतो. कल्ले श्वासाचे इंद्रिय म्हणून पाठ केलेले. इथे तेच जेवणाची चाळणीही झालेले आहेत. रंगांची विविधता मात्र एकाच पुळणीवर, एकाच जातीत आढळते.

माझी चूक एकट्याची नाही, हे सरांनीच दाखवले. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरच्या खडकांवर लिटोरिना सॅक्साटिलिस नावाची छोटी गोगलगाय राहते. ऑलिव्हीने तिचे वर्णन 1792 मध्ये केले. तिच्या शंखाचा आकार, जाडी, रंग जागोजाग इतके बदलतात की विद्वानांनी तिला पुन्हा पुन्हा नवी जात ठरवले. सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीने 2015 मध्ये तिला मिळालेल्या नावांची संख्या 113 सांगितली. अकरांवर थांबल्याबद्दल मला थोडे बरे वाटले.

“आता झाकणे बघ,” सर म्हणाले. प्राणी आत शिरला की तोंड बंद करणारे झाकण अल्कोहोलमधल्या शंखांना शाबूत होते. पातळ, शिंगासारखे, गोल. एकामागून एक गोल. तपकिरी डबीच्या जोडीच्या बाटलीतले एक मात्र अर्धचंद्रासारखे निघाले. तो शंखही तसाच चकचकीत, तसाच तपकिरी. पण पोट फुगीर, नाभी उघडी आणि आत मोत्याची झाक नाही. नॅटिसिडी कुळातले हे पिल्लू. या कुळातले प्राणी वाळूतून सरपटत दुसऱ्यांचे शंख गाठतात, आम्लद्रव आणि दंतपट्टी यांनी त्यांना भोक पाडतात आणि आतला जीव खातात. मग मला माझ्या रिकाम्या शंखांपैकी काहींवरची भोके आठवली. बाहेर रुंद, आत निमुळती, सुताराने गिरमिटाने पाडावीत अशी. माळेसाठी सोयीची म्हणून मी ती बाजूला काढली होती. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांना मी एकाच डबीत, एकाच क्रमांकाखाली ठेवले होते. एका जातीच्या अकरा केल्या याहून मला हे जास्त लागले, कारण इथे बघायला हवे ते समोर होते आणि मी रंग बघत होतो.

प्रदर्शनात तक्ता लागला नाही. विभागाच्या कपाटात दोन बाटल्या लागल्या. चिठ्ठ्या पेन्सिलने लिहिल्या आहेत, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. त्यांवर ठिकाण, तारीख, ओहोटीची वेळ आणि गोळा करणाऱ्याचे नाव आहे. ठिकाण नसलेला शंख कितीही सुंदर असला तरी तो शोभेचाच, असे सर म्हणतात. मोठ्या बाटलीत सगळे रंग एकत्र आहेत: ‘उंबोनियम वेस्टियारियम (लिनीअस, 1758)’. छोट्या बाटलीत एकच शंख आहे. तिच्यावर मी लिहिले आहे: ‘कुल नॅटिसिडी. पिल्लू. जात ठरलेली नाही.’