देवराई : कुणाचेही नसलेले, सर्वांचे रान

प्रस्तावना

घर, शेत, विहीर यांना मालक असतो. मालक आपली वस्तू वापरतो, विकतो, वाटूनही देतो. परंतु शेकडो वर्षे उभ्या असलेल्या रानाचा मालक कोण? या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दिलेले उत्तर या पाठात पाहू.

मूलपाठ

कोकणातील एखाद्या गावाबाहेर, ओढ्याच्या उगमाशी, भर दुपारीही अंधारलेले गर्द रान दिसते. भोवतालचे डोंगर उघडे पडलेले असतात. या रानात मात्र जुने वृक्ष, त्यांना वेढणाऱ्या महावेली आणि पायाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो. हीच देवराई. अशी राने केवळ महाराष्ट्रात नाहीत. कर्नाटकातील कोडगू भागात त्यांना ‘देवरकाडू’, केरळात ‘काव’, राजस्थानात ‘ओरण’, तर मेघालयातील खासी लोकांत ‘लॉ किंतांग’ म्हणतात.

देवराईचा मालक देव, अशी लोकांची श्रद्धा होती. त्यामुळे तेथील झाड तोडायचे नाही, असा दंडक असे. काही गावांत तर वाळलेली काटकीही घरी नेत नसत. गावाला लाकडाची फारच निकड भासली, तर देवाला कौल लावला जाई. देव मालक असल्याने हे रान कोणा एकाला विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे आणि भावाभावांत वाटूनही घेता येत नसे.

याचा लाभ वन्यजीवांना झाला. धनेश पक्ष्याचेच उदाहरण घ्या. तो घरटे बांधत नाही. मोठ्या वृक्षाची नैसर्गिक ढोली शोधतो. मादी ढोलीत शिरते आणि चोच मावेल एवढी फट ठेवून ढोलीचे तोंड लिंपून घेते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला व पुढे पिल्लांना फळे भरवतो. अशी ढोली तरुण झाडात क्वचितच असते. तिला वृद्ध वृक्षच लागतो. बाजाराच्या हिशेबात निरुपयोगी ठरलेला पोकळ बेहडा धनेशाच्या हिशेबात घर असतो.

१९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या देवराईत गारंबीची महावेल होती. जनावराला साप चावला तर तिची साल उपयोगी पडते, या समजुतीने दूरदूरचे लोक ती मागायला येत. हे रान तोडीसाठी निश्चित झाले, तेव्हा ग्रामस्थांनी ते वाचवण्याची विनंती केली. त्यांच्याजवळ मालकीचा कागद नव्हता; जिव्हाळा होता.

आज अनेक देवरायांची कागदोपत्री मालकी शासनाच्या खात्यांकडे, तर कोठे खाजगी कुटुंबांकडे आहे. देवाचा धाक ओसरला, जमिनीचे भाव वाढले. कित्येक ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार करण्यासाठी देवाचेच रान तोडले गेले. दुसरीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची पाहणी करून नकाशे तयार करावेत व त्यांना वनाचा दर्जा द्यावा, असा आदेश दिला. कायदा रानाभोवती सीमा आखू शकतो; परंतु त्या सीमेच्या आत कुऱ्हाड जाऊ नये, ही इच्छा गावाच्याच मनात असावी लागते.

पूर्वजांनी देवराई स्वतःच्या नावावर केली नाही, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली. अशा रानाचा मालक होणे म्हणजे ते पुढच्या पिढीच्या हाती जसेच्या तसे सोपवणे होय.

शब्दार्थ

दंडक – नियम, शिरस्ता
निकड – तातडीची गरज
कौल लावणे – देवाची अनुमती विचारणे
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी

स्वाध्याय

१. देवराई विकता किंवा वाटून घेता का येत नसे?
२. धनेशाला वृद्ध वृक्षाची गरज का भासते?
३. ‘त्यांच्याजवळ मालकीचा कागद नव्हता, जिव्हाळा होता.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरात सर्वांनी मिळून राखलेले रान, तळे किंवा कुरण आहे काय? वडीलधाऱ्यांना विचारून त्याची माहिती आठ-दहा ओळींत लिहा.