राजमा-पालकाचे सूप

रात्री भिजत घातलेला राजमा सकाळी तोलून पाहिला, तर त्याचे वजन जवळजवळ दुप्पट झालेले आढळते. एवढे पाणी दाण्यात शिरले कोठून? दाण्याच्या पोटाशी एक पांढरा डोळा दिसतो आणि त्याच्या शेजारीच एक सूक्ष्म छिद्र असते. सुरुवातीचे बरेचसे पाणी येथून आत जाते. काही दाण्यांच्या डोळ्यावर मेण लावून व काही तसेच ठेवून दोन-दोन तासांनी वजन करा, म्हणजे खात्री पटेल.

चार माणसांच्या सुपासाठी १५० ग्रॅम राजमा दहा-बारा तास भिजवावा. भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात दाणे घालून ते प्रथम दहा मिनिटे चांगले खळखळ उकळावे. ही पायरी कोणीही गाळू नये. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचे एक प्रथिन असते. चारपाच कच्चे दाणे पोटात गेले, तरी काही तासांतच मळमळ व उलट्या सुरू होऊ शकतात. उकळत्या पाण्यात हे प्रथिन नष्ट होते. पण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसते रटरटत ठेवल्यास ते टिकून राहते, आणि दाणा मात्र मऊ झालेला वाटतो! म्हणून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट शिजवणे धोक्याचे आहे.

यानंतर कुकर. उघड्या पातेल्याखाली जाळ कितीही वाढवला, तरी पाण्याचे तापमान १०० अंशांवर जात नाही. जादा उष्णता वाफ करण्यात खर्च होते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या गावी तर पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळते, आणि कडधान्य शिजता शिजत नाही. कुकरमध्ये एकूण दाब वातावरणदाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो व उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास चढतो. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ मध्ये लंडनला दाखवली होती. दाब आला की गॅस बारीक करून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. शिट्या मोजण्याची आपली पद्धत गमतीची आहे खरी, पण शिटीबरोबर इंधनच वाया जाते.

चिंच-टोमॅटो आधी का घालू नयेत? दाण्यातील पेशी पेक्टिनने सांधलेल्या असतात. दाणा मऊ होतो तो हे पेक्टिन विरघळल्याने. आम्लामुळे ते लवकर विरघळत नाही. विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियमही पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. मीठ आधी घातल्यास दाणा निबर राहतो, हा समज मात्र खरा नाही. भिजवण्याच्या पाण्यातील मिठाचा सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आणि साल उलट मऊ पडते. शाळेत हा प्रयोग जरूर करावा. भिजवलेले पंचवीस-पंचवीस दाणे साध्या, मिठाच्या व चिंचेच्या पाण्यात उकळावेत आणि दर दहा मिनिटांनी एकेक दाणा चिमटीत दाबून पहावा. चाखू मात्र नये.

आता कांदा, लसूण, गाजर तेलात परतून त्यावर शिजलेला राजमा पाण्यासकट ओतावा. पळीभर दाणे ठेचून घालावेत. त्यांतील पिष्टामुळे सूप दाट होते. मग टोमॅटो, मीठ, मिरपूड घालून ते उकळू द्यावे. अगदी शेवटी चिरलेली पालकाची जुडी घालून झाकण न ठेवता तीन-चार मिनिटेच शिजवावी. झाकण ठेवले, तर भाजीतून सुटणारी बाष्पशील आम्ले आतच कोंडतात आणि हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम निघून जाऊन पालक काळपट पडतो.

लिंबू पिळायचे ते सूप वाडग्यात वाढल्यावर. पालक-राजम्यातील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. लिंबातील क जीवनसत्त्व ते शोषण्यास मदत करते, आणि उकळत्या भांड्यात घातल्यास त्यातले बरेचसे नाहीसे होते.