मुरूम एक, सल्लागार हजार

तेरा-चौदा वर्षांची लेक ‘मला नायसिनामाइड सिरम हवंय’ म्हणाली की आधी आपल्याला हसू येतं. किंमत कळली की हसू मावळतं. ‘या वयात कसली ही थेरं’ असं ओठांवर आलं असेल, तर जरा थांबा. तिला नटण्याची हौस आहे, असं मला वाटत नाही. रोज रात्री कुणीतरी तिला अगदी मैत्रिणीच्या सुरात पटवून देतंय की तुझ्या चेहऱ्याचं काहीतरी बिघडलंय.

ही इन्फ्लुएन्सर हुशार असते. आधी स्वतःचे मुरूम दाखवते, डोळ्यांत पाणी आणते. विश्वास बसला की ‘ओपन पोर्स’, ‘टॅनिंग’, ‘डल स्किन’ सुरू. नाकावरची रंध्रं तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहेत. ती दोष म्हणून बघायला मुलं तिथे शिकतात. मागोमाग सिरम, मग केमिकल पील, आणि हल्ली हाताला सलाइन लावून घेतलेलं ग्लुटाथिओन. त्वचा उजळवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिलाय, पण रीलमध्ये तो कुठला यायला? क्लिनिकने तिच्याकडून पैसे घेतले की तिलाच दिले, हेही कळत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021च्या नियमांनुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ते ठळक सांगावं लागतं. ‘जाहिरात’ हा शब्द कुठे दडवलाय हे मुलांना शोधायला लावा. आपल्याआधी त्यांनाच सापडतो.

पण हे दुकान काही मोबाइलने उघडलेलं नाही. ‘फेअर अँड लव्हली’ 1975ची. नाव बदललं ते 2020मध्ये. ‘उन्हात फिरू नकोस, काळवंडशील’ हे तर आपणच म्हणतो. लग्नाच्या मांडवात एखादी मावशी हनुवटी धरून ‘काय गं, चेहऱ्याचं काय करून घेतलंस?’ विचारते, तेव्हा आपण गप्प बसतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुली गोरेपणाचं एकच क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास झाला. मुंबईच्या केईएममधल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला.

मुरूम बरे व्हायला औषधानेसुद्धा सहा-आठ आठवडे लागतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर चौथ्या दिवशी नवी बाटली मागवली जाते. डॉक्टरांकडे जाताना त्वचारोगातली पदवी बघा, क्लिनिकची सजावट नको.

आणि मुलगे? ते विचारतच नाहीत. मित्राने सांगितलेली, केमिस्टकडून सहज आणलेली ट्यूब गुपचूप लावतात. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, आणि लावणं थांबवलं की लाल होऊन पुरळांनी भरतो. अशी ट्यूब हाती लागली तर ओरडू नका, फेकूही नका. ती घेऊनच त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या.